मांडीतली आग आणि कमरेची नाडी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला 'आयटीतलं करिअर' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तो विषय मी बदलून मागितला. आयटीबद्दल आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी आज मांडीच्या दुखण्यावर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. पण १९९७ ला दहावी झालेली आपली बॅच आता पंचेचाळिशीच्या आसपास आली आहे, आणि ग्रुपवर सुप्रभातच्या खालोखाल कशाचे मेसेज येत असतील तर ते गुडघ्यांचे, कमरेचे आणि शुगरचे. त्यातल्या तिघी मैत्रिणींनी मला वेगळा फोन करून जे सांगितलं, ते ग्रुपवर कुणी लिहिलं नव्हतं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग होते, कपड्याचा स्पर्श सहन होत नाही, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. एकीला घरात 'हिला काही झालं नाही, कामाचा कंटाळा आहे' असं ऐकावं लागलं. म्हणून हा विषय.

मी डॉक्टर नाही. लोणेऱ्याहून कॉम्प्युटर इंजिनिअर झाले आणि गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण हे दुखणं साडेतीन वर्षं माझ्या उजव्या मांडीत मुक्कामाला होतं, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजते.

सुरुवात झाली ती २०२१ मध्ये. घरूनच काम चालू होतं, दोन वर्षांत वजन नऊ किलोने वाढलं होतं. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, भगभग व्हायला लागली. मिरच्या कुटल्यावर हाताची होते तशी. त्या जागेला बोट लावलं तर बधीर, आणि ओढणी नुसती घासली तरी चटका बसल्यासारखं. बधीरही आणि दुखतंही, हे एकाच जागी कसं असू शकतं ते कुणाला पटवून सांगता येत नाही. मीही सांगणं सोडून दिलं.

त्यातही सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. मी खुर्चीत लॅपटॉपसमोर बसले की दुखणं कमी व्हायचं. ओट्यापाशी उभी राहिले, इस्त्री करायला घेतली, भाजीच्या रांगेत थांबले की वाढायचं. आता घरातल्या माणसांनी यावरून काय समजायचं? ऑफिसचं काम करताना दुखत नाही, पोळ्या लाटताना मात्र दुखतं! कुणी तोंडावर बोललं नाही, पण नजरा कळतात. खरं म्हणजे या दुखण्याची ही अगदी नेमकी खूण आहे, हे मला नंतर कळलं. ते कसं, ते सांगते, कारण आजच्या बोलण्यातला मुख्य भाग तोच आहे.

कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यापासून एक नस निघते. पोटाच्या आतून तिरकी खाली येते, आणि कमरेच्या हाडाचं जे पुढचं टोक आपल्या हाताला लागतं (आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या चाचपून बघा, दोन्ही बाजूंना आहे), त्याच्या जरा आतल्या अंगाने, जांघेत ताणून बांधलेल्या एका चिवट पट्ट्याखालून ती मांडीत उतरते. तिथे तिला एकदम वळण घ्यावं लागतं. पुढे मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या कातडीला जाते आणि गुडघ्यापाशी संपते. डॉक्टर तिला लॅटरल फेमोरल क्युटेनिअस नर्व्ह म्हणतात. आपण मांडीच्या कातडीची नस म्हणू. ती कुठल्याही स्नायूला हुकूम देत नाही. तिचं काम एकच: तिथल्या कातडीला काय जाणवलं ते वर कळवणं. म्हणून ती दबली तर पाय लुळा पडत नाही, गुडघा वाकत नाही असंही होत नाही. फक्त चुकीचे निरोप जायला लागतात. काहीही नसताना 'भाजलं, भाजलं' असा निरोप.

उभं राहिलं, चाललं, की जांघेतला तो पट्टा ताणला जातो आणि नस आणखी दबते. बसलं की मांडी वर येते, पट्टा सैल पडतो, नसेला जागा मिळते. झालं. ओटा आणि लॅपटॉपचं कोडं एवढंच होतं. कामचुकारपणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आमच्या धंद्यात एक रोजचा अनुभव असतो: एरर स्क्रीनवर जिथे दिसते तिथे बग क्वचितच असतो. आग मांडीत होते, दाब कमरेशी असतो. मग मांडीला कितीही बाम चोळा.

मला आधी जिथे नेलं तिथे एमआरआय झाला आणि चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती किंचित फुगलेली दिसली. 'डिस्क आहे' असं ठरलं आणि कमरेला घट्ट पट्टा बांधायला दिला. दिवसातून आठ तास. त्या डॉक्टरांचं नाव मी घेणार नाही, त्याची गरजही नाही. पण त्या पट्ट्याची खालची कड बरोब्बर त्या हाडाच्या टोकावर बसायची, आणि महिन्याभरात आग दुप्पट झाली. मग सल्ला मिळाला की पट्टा आणखी आवळून बांधा.

इथे एक आकडा सांगते, तो लक्षात ठेवा. ज्यांना कंबरदुखीचा काडीचाही त्रास नाही अशा लोकांचे मणके तपासले, तर चाळिशीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांमध्ये चकती फुगलेली दिसते. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात हे आलं आहे. म्हणजे या सभागृहातल्या सगळ्यांचा एमआरआय काढला तर निम्म्यांना 'डिस्क' निघेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती आयुष्यात कधी दुखणारही नाही. फोटोत काहीतरी दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं नाही. फुगलेली चकती आणि दुखणारी जागा यांचा नकाशा जुळायला हवा. चौथ्या-पाचव्या मणक्यातली नस दबली तर त्रास साधारण नडगीवरून पावलापर्यंत उतरतो. माझा गुडघ्याच्या वरच थांबत होता.

तो नकाशा मी स्वतःच काढला. एका रविवारी बॉलपेन घेतला आणि जिथे बोट लावल्यावर वेगळं वाटतं तिथे तिथे कातडीवर ठिपके देत गेले. ठिपके जोडल्यावर लांबट पेरूसारखा आकार तयार झाला: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला एकही ठिपका नाही, गुडघ्याखाली एकही नाही. त्याचा फोटो काढून पुण्यातल्या एका वयस्कर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवला. फोटो बघून त्यांनी एमआरआयचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. मला डाव्या कुशीवर झोपवलं आणि वरच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या, कमरेच्या हाडावर दोन्ही हातांनी खाली दाब दिला. घड्याळ लावून पंचेचाळीस सेकंद. अशा दाबाने जांघेतला पट्टा सैल पडतो. तिसाव्या सेकंदाच्या सुमाराला आग उतरायला लागली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की न दुखणारी मांडी कशी असते. मी रडले. डॉक्टरसाहेब म्हणाले, बऱ्याच जणी रडतात.

या दुखण्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. नाव अवघड, अर्थ सोपा: ग्रीकमध्ये मेरोस म्हणजे मांडी, अल्गोस म्हणजे वेदना. बर्नहार्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि रॉथ नावाच्या रशियन डॉक्टरांनी १८९५ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्यांनी ते पाहिलं होतं घोडदळातल्या लोकांमध्ये, जे कमरेचा पट्टा फार आवळून बांधायचे. त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनी या दुखण्यावर लिहिलं, कारण ते त्यांना स्वतःलाच होतं. मला याची गंमत वाटते. 'सगळं मनाचं आहे' असं म्हणताना लोक ज्या माणसाच्या नावाचा आधार घेतात, त्याची स्वतःची मांडी अशी बधीर व्हायची, आणि त्याने ते नसेचं दुखणं म्हणूनच नोंदवलं.

घोडदळ आता फारसं राहिलं नाही, पट्टे आहेत. पोलिसांच्या कमरेला असतो, धाटावच्या आणि नागोठण्याच्या कारखान्यांत उंचावर काम करणाऱ्यांचा सेफ्टी बेल्ट असतो, हत्यारं अडकवायचे पट्टे असतात. आपल्या गावाकडे रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला कोयत्याची आकडी करकचून बांधलेली असते. आणि बायकांच्या बाबतीत, परकराची नाडी. आपण ती किती आवळतो ते रात्री सोडल्यावर कमरेवर उठलेल्या वळावरून कळतं. निऱ्या सुटू नयेत, भातलावणीत वाकल्यावर साडी जागची हलू नये, म्हणून ती आवळायचीच असते. बेंबीखाली साडी नेसली की नाडी नेमकी त्या हाडाच्या टोकांवरून जाते. आता परकराऐवजी अंगाला चिकटणारं शेपवेअर आलं आहे, ते तर नाडीपेक्षा रुंद जागेवर, दिवसभर दाबतं. मेळाव्यासाठी आज आपण सगळ्या एकसारख्या पैठण्या नेसून, वर कमरपट्टा लावून आलोय. फोटो सुंदर येतील. फोटो झाले की कमरपट्टा पर्समध्ये टाका, एवढंच म्हणते.

नाडीची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून २०२४ मध्ये दोन वयस्कर बायकांची हकीकत बीएमजेच्या एका नियतकालिकात छापली. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट नाडी किंवा लुगड्याची गाठ घासून कमरेला जखम झाली, ती भरली नाही आणि तिथे कातडीचा कॅन्सर निघाला. तो आजार वेगळा, त्याचा आपल्या नसेशी संबंध नाही, आणि तो फार क्वचित होतो. घाबरायला म्हणून सांगत नाही. पण कमरेवर काळा पडलेला, खरखरीत झालेला पट्टा आपण 'असतोच' म्हणून सोडून देतो. तिथे न भरणारी जखम असेल तर दाखवायला हवी. आणि नाडी सैल बांधा, रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या, गाठीची जागा बदलत राहा. या उपायांना खर्च नाही आणि दोन्ही दुखण्यांना ते चालतात.

नाडीशिवाय बाकी कारणंही आहेत. पोट सुटलं की ते जांघेवर लोंबतं आणि पट्टा ओढला जातो. बाळंतपणाआधीच्या महिन्यांत हे होतं आणि बहुतेकींचं नंतर आपोआप जातं. करोनात ज्यांना दवाखान्यात तासन्‌तास पालथं झोपवलं होतं, त्यांच्यातल्या काहींना बरं झाल्यावर ही मांडीची आग मागे राहिली. आणि शुगर. अमेरिकेतल्या एका जिल्ह्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा मधुमेह असलेल्यांमध्ये हे दुखणं इतरांच्या सातपट निघालं. आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं. तेव्हा मांडीला आग होत असेल तर एकदा शुगर बघून घ्याच.

माझं काय झालं ते सांगते. डिस्कचा पट्टा त्याच दिवशी सुटला. जीन्स गेल्या, सैल सलवारी आल्या. साडी नेसले तर नाडी वर, बेंबीच्या रेषेत आणि सैल. चालणं वाढवलं आणि वर्षभरात सात किलो कमी झाले. रात्री झोप लागावी म्हणून प्रेगाबालिनची गोळी काही महिने घेतली. ती गोळी घेऊन सकाळी डोकं जड राहतं, गाडी चालवायची असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावं. ताम्हिणीच्या घाटात पेंगत गाडी चालवण्यापेक्षा मांडी दुखलेली बरी. दोन महिन्यांनी थोडी आग उरली होती तेव्हा सोनोग्राफीवर बघून नसेच्या जवळ एक इंजेक्शन दिलं, भूल आणि स्टेरॉइडचं. ज्यांना शुगर आहे त्यांची त्या इंजेक्शनाने काही दिवस वाढते, हे सांगून ठेवते. ऑपरेशनची वेळ आली नाही. बहुतेकांवर येत नाही.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही म्हणून आणखी एक आकडा. या दुखण्यावरचे सगळे अभ्यास गोळा करून कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. इंजेक्शन दिलेल्या १५७ जणांपैकी १३० बरे झाले किंवा त्यांना आराम पडला. उत्तम. पण एका अभ्यासात काहीच न करता नुसतं लक्ष ठेवलेल्या २९ जणांपैकी २० जणांनाही आराम पडला होता. याचा अर्थ नीट समजून घ्या. हे दुखणं पुष्कळदा स्वतःहून ओसरतं. म्हणून जो उपाय त्या सुमाराला चालू असतो त्याला श्रेय मिळतं. कुणाचं तेल, कुणाचा काढा, कुणाची सुई. तुमच्या शेजारणीला तेलाने बरं वाटलं हे खरं असेल, तेलाने वाटलं की नाही ते माहीत नाही. मालीश सुखाची वाटत असेल तर करा, फक्त त्यासाठी दहा-वीस हजारांचं पॅकेज घेऊ नका.

एक गोष्ट मात्र करू नका. बधीर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. तिथे चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या आत्याच्या मांडीवर दोन गोल डाग आहेत. ती उभं आयुष्य लावणीला वाकली. तिच्या मांडीत आग व्हायची, आणि वात आहे म्हणून तिला कुणीतरी डागलं होतं. तापवलेल्या लोखंडाने. 'वरचं दुखणं आलं की आतलं कळत नाही,' असं ती हसत सांगते. तिला हेच दुखणं होतं असं मी म्हणणार नाही, चाळीस वर्षांपूर्वीचं कोण तपासणार? पण तिला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आग नेमकी कुठे होते, उभं राहिल्यावर वाढते का, नाडी किती आवळतेस. या तीन प्रश्नांना पैसे लागत नाहीत.

आणि प्रत्येक मांडीचं दुखणं म्हणजे हेच, असंही घरी जाऊन ठरवू नका. पाय उचलताना ताकद कमी वाटली, गुडघा अचानक दगा द्यायला लागला, आग गुडघ्याखाली किंवा आतल्या बाजूला गेली, जांघेत गाठ लागली, ताप किंवा वजन उतरणं सोबत आलं, तर ते वेगळं काहीतरी आहे आणि लवकर दाखवायला हवं. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. खांबहून रात्री गाडी मिळणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे, तरी सांगते.

आज माझी आग गेली आहे. तळहातापेक्षा लहान अशी एक बधीर जागा उरली आहे, आणि डॉक्टर म्हणाले ती बहुधा राहील. ओट्यापाशी तासभर उभी राहू शकते. काल ताम्हिणी उतरून सुतारवाडीवरून कोलाडला आले. वाटेत थांबून खाली उतरायची गरज लागली नाही. हायवेवर खांबपर्यंतचे खड्डे कमरेला लागले, ते सगळ्यांनाच लागतात.

समितीने खूण केली आहे, आणि यानंतर सरांचं बोलणं आहे, ते ऐकायला मीही आले आहे. ज्यांना विचारायचं आहे आणि चारचौघांत विचारायचं नाही, त्यांच्यासाठी जेवणानंतर मी वरच्या मजल्यावर आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात बसणार आहे. पुरुषांनीही यावं, बेल्ट तुम्हीच जास्त आवळता. बॉलपेन मी आणला आहे.